खाम नदीचं पाणी शेवटी नाथसागरातच जातं
संभाजीनगरच्या नळाला कित्येक दिवसांआड पाणी येतं, ही तुमच्या शहरातल्या पाणीटंचाईवरच्या लेखातली तक्रार शंभर टक्के खरी. पण घरातून बाहेर जाणाऱ्या पाण्याचं काय? उन्हाळ्यात मेहमूद दरवाजाच्या पुलावर उभं राहून बघा. खामला स्वतःचं पाणी नसतं, वाहतं ते सांडपाणीच. तेच पुढे नाथसागरात, म्हणजे जायकवाडी धरणात जातं आणि तिथूनच आपण पिण्याचं पाणी उचलतो! कांचनवाडीला मोठं शुद्धीकरण केंद्र आहे, पण नाल्यातलं पाणी ड्रेनेज लाइनमध्ये आलंच नाही तर केंद्र शुद्ध काय करणार? नागपूरचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला जातं, तेवढं धरणाचं पाणी वाचतं. वाळूजच्या कारखान्यांना असं पाणी का देऊ नये? महापालिकेने आधी उघडे नाले लाइनला जोडावेत, ही कळकळीची विनंती.