बसेल, साहेब, बसेल

आमची पद्मिनी, म्हणजे प्रीमियरची जुनी फियाट, १९८१ सालची. वडिलांनी नंबर लावून, वाट बघून घेतलेली. गेल्या पावसाळ्यापासून ती मागून निळा धूर सोडायला लागली. काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरा म्हणजे पाणी आणि निळा म्हणजे इंजिन तेल खातंय, हे ज्ञान मला सोसायटीतल्या सात जणांनी न विचारता दिलं. आठवा म्हणाला, "विकून टाका." त्याच्याशी मी अजून बोलत नाही.

मिस्त्रींनी इंजिन उतरवलं, हेड काढलं आणि सिलिंडरमध्ये बोट फिरवलं. वरच्या कडेला नख अडलं.

"साहेब, बोअर गेला, सिलिंडरचं भोक झिजलं. रिबोर करावं लागेल, म्हणजे ते कापून मोठं करावं लागेल."

"मग टाका करायला. तोवर मी पिस्टन आणतो."

मिस्त्री हसले. "उलटं आहे साहेब. आधी पिस्टन आणा. जो मिळेल त्याच्या मापाचा बोअर मारायचा. आधी बोअर मारला आणि त्या मापाचा पिस्टनच मिळाला नाही, तर त्या चार भोकांत काय तुळस लावणार?"

मूळ बोअर ६८ मिलिमीटरचा. तो झिजला की पुढचे पिस्टन ०.२, ०.४, ०.६ मिलिमीटरने मोठे, असे चढत्या मापाचे घ्यायचे. अट एकच, चारही एका मापाचे आणि शक्यतो एका वजनाचे. वजनाची गंमत घरीच कळली. बायको केकचं पीठ ज्या काट्यावर मोजते, त्यावर मी जुने पिस्टन ठेवले. तिघांचं वजन सारखं, चौथा एकवीस ग्रॅमने जड. जवळून पाहिलं तर तो वेगळ्याच कंपनीचा. कुणीतरी, कधीतरी, अडीअडचणीला बसवलेला. साठच्या वर गेलं की गाडी थरथरायची आणि वडील म्हणायचे, "हा पद्मिनीचा स्वभाव आहे." स्वभाव कसला, एकवीस ग्रॅम होते ते.

"अहो, तो काटा परत स्वयंपाकघरात आणायचा नाही," एवढंच बायको म्हणाली.

मग शबनममध्ये नमुन्याचा पिस्टन टाकून मी नाना पेठेत हिंडलो. तिथे आठवड्याभरात दुकानदारांची क्रियापदं शिकलो. 'मिळेल' म्हणजे आत्ता नाही आणि उद्याही नसेल. 'बसेल' म्हणजे दुसऱ्या गाडीचं आहे. 'बसवून घ्या' म्हणजे बसणार नाही हे त्याला माहीत आहे, पण ते तुमच्या मिस्त्रीने सांगावं अशी त्याची इच्छा आहे. आणि 'डोळे झाकून घेऊन जा' ऐकलं की डोळे उघडे ठेवून बाहेर पडावं. एकाने मला वॉटर पंपाचं बेअरिंग दाखवलं.

"हे ॲम्बॅसॅडरचं दिसतंय," मी म्हणालो.

"गोल आहे ना?" तो म्हणाला.

यावर उत्तर नव्हतं.

रविवारी जुन्या बाजारात गेलो. तिथे पद्मिनीचं स्टिअरिंग होतं, हबकॅप होत्या, डाव्या बाजूचा एक आख्खा दरवाजा होता. एका फडक्यावर पिस्टनही होता, पण मालक त्याला ॲश-ट्रे म्हणून विकत होता. मी माप विचारलं तर म्हणाला, "आठ-दहा सिगारेटी मावतात."

शेवटी मिस्त्री म्हणाले, "कुर्ल्याला जा." बरोबरच होतं, पद्मिनीचं माहेरच ते. प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ती जन्मली आणि आता तिचे अवशेष कुर्ल्यातच सीएसटी रोडला मिळतात. मुंबईत काळ्या-पिवळ्या पद्मिनी होत्या तोवर चिंता नव्हती. टॅक्सीवाल्याला पिस्टन आज हवा म्हणजे आजच हवा, म्हणून दुकानदार माल भरून ठेवायचे. शेवटची पद्मिनी टॅक्सी नोंदली गेली २९ ऑक्टोबर २००३ ला. वीस वर्षांची मुदत भरली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून तिचाही निरोप झाला. गिऱ्हाईक गेलं, माल माळ्यावर गेला. उरलो आम्ही, हौशी, वर्षाला एक पिस्टन मागणारे.

चौथ्या दुकानात म्हातारबुवांनी शिडी लावली आणि धुळीने माखलेली चार खोकी खाली काढली. "पॉइंट फोर का पूरा सेट है साब." एक खोकं उघडून दाखवलं. डोक्यावर ०.४० असा शिक्का, माप घ्यायचा व्हर्नियर लावला, चोख. शितावरून भाताची परीक्षा केली आणि पैसे मोजले. परतीच्या गाडीत कागदावर हिशेब मांडला. ६८ चा बोअर, ७५ चा स्ट्रोक (म्हणजे पिस्टनची वर-खाली धाव), चार सिलिंडर, म्हणजे १०८९ सीसी. तोच बोअर ६८.४ झाला की ११०२. जिला सगळे 'इलेव्हन हंड्रेड' म्हणत आले, ती माझ्या हातून प्रथमच खरोखरीची अकराशे होणार होती! शेजारच्या प्रवाशालाही मी हे सांगितलं. तो लोणावळ्याला उतरला. तिकीट पुण्याचं होतं.

घरी आल्यावर बाकीची खोकी उघडली. ०.४०. ०.४०. ०.६०.

मधल्या काळात बेअरिंगचा घोळ झाला, तोही ऐकाच. बोअर झिजून वाढतो, क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) झिजून रोडावतो, म्हणून क्रँक घासून बेअरिंग जाड घ्यायची. लेथवाल्याने चिठ्ठी दिली, 'दहा थाऊ'. दुकानातल्या खोक्यावर ०.२५४. हा काय आकडा आहे? पाव मिलिमीटर म्हणावं तर वर चार कसले? दोन दिवस मी ते खोकं परत करायच्या तयारीत होतो. मग मुलीने मोबाइलवर सांगितलं, "बाबा, इंचाचे दहा हजारांश म्हणजेच ०.२५४ मिलिमीटर." पिस्टन मिलिमीटरमध्ये आणि बेअरिंग वेश पालटलेल्या इंचात, एकाच इंजिनाच्या पोटात!

म्हातारबुवांना फोन लावला. रागाने बोलणार होतो, पण ते फारच शांत होते. "हां, तो दूसरा सेट कोल्हापूर गया. उन का भी फोन आया था." नंबर दिला.

कोल्हापूरकरांना तीन ०.६० आणि एक ०.४० मिळाला होता. "अवो, मी इकडं चार दिवस झोपलो न्हाई," ते म्हणाले. दोघांना मधलं ठिकाण म्हणून सातारा ठरलं. कुरिअरवर दोघांचाही विश्वास नव्हता.

सातारच्या एसटी स्टँडवर रविवारी दुपारी बारा वाजता मी शबनम घेऊन उभा राहिलो. समोरून एक गृहस्थ आले, खांद्याला पिशवी, पिशवीचा तळ जडपणाने लोंबलेला. ओळख पटायला अडचण आली नाही. नमस्कार करायच्या आधी मी व्हर्नियर काढला. त्यांनी त्याहून बारीक मोजणारा मायक्रोमीटर काढला आणि माझ्या व्हर्नियरकडे जरा कणवेनेच बघितलं. बाकावर बसून आम्ही एकमेकांचा माल तपासला, एकदा उभा, एकदा आडवा. शेजारी पोरगं कडेवर घेतलेल्या बाईने जागा बदलली.

मापं जुळली. चहा मागवला. मग त्यांनी पिशवीच्या तळातून फडक्यात गुंडाळलेली एक वस्तू काढली.

"दुसरं एक इचारायचं होतं. हा ऑइल पंप मिळालाय. पद्मिनीचाच म्हणत्यात, पर मला जरा डाऊट हाय. बसंल का ओ?"

मी तो हातात घेतला, उजेडात धरला, फिरवून बघितला. त्यातलं मला काहीही कळत नव्हतं.

"बसेल," मी म्हणालो.