छत कापलं नाही, ते मुद्दामच

नमस्कार साहेब,

आमच्या गॅरेजला तुम्ही रिव्ह्यूत एक स्टार दिलात. तक्रारी तीन : तुमच्या प्रीमियर पद्मिनी गाडीचं छत कापून चार इंच खाली घेतलं नाही, जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेला देतो म्हणून गाडी अक्षयतृतीयेला दिली, आणि बिल अंदाजाच्या दीडपट झालं. उशीर आणि बिल, दोन्हींत चूक आमची. छताचं मात्र ऐकून घ्या.

तुम्ही मोबाइलवर दाखवलेल्या, छत खाली घेतलेल्या गाड्या १९४९-५१ च्या अमेरिकन मर्क्युरी. त्यांना खाली वेगळी चासी, म्हणजे लोखंडी चौकट असते, भार ती पेलते. पद्मिनी म्हणजे मुळात फियाट ११००. तिला वेगळी चासी नाहीच, पत्र्याची बॉडी हाच सांगाडा. छताचे खांब कापून पुन्हा वेल्डिंग मारलं की दिसायला झकास, पण गाडी उलटली तर ते छत तुमच्या डोक्यावर. टफन काच तर कापताच येत नाही, कटर लावला की चुरा. शिवाय कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत बदल चालणार नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये सांगितलंय. पुढच्या पासिंगला आरटीओत तुम्हीच अडकला असता.

हे मी पहिल्याच दिवशी बोललो होतो. तुम्ही म्हणालात, "बघा की काहीतरी," आणि मी हसून गप्प बसलो. तिथेच तोंडावर नाही म्हणायला हवं होतं.

छत न कापता गाडी बुटकी दिसावी म्हणून टू-टोन केलं : खाली क्रीम, वर गडद मरून. वरचा कॅरियर आणि पुढच्या काचेवरची उन्हाची टोपी काढून भोकं बुजवली. (मे महिन्यात त्या मरून छतावर पापड भाजतील, हे कबूल.) आणि ही गाडी काढणाऱ्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सचे संस्थापक वालचंद हिराचंद १८८२ साली आपल्या सोलापुरातच जन्मले. इथे बसून पद्मिनीवर कटर चालवायला माझा हात धजत नाही. या हळवेपणाचे पैसे बिलात लावलेले नाहीत.

आता बिल. जुना रंग उतरवला तेव्हा दारांखालच्या पट्ट्यात बोटभर पुट्टी निघाली आणि तिच्या आत चक्क वर्तमानपत्राचे बोळे. मागच्या कुणीतरी गंज तसाच झाकला होता. फ्लोअरचाही पत्रा पायाखाली पापडीसारखा तुटला. तो बदलल्याशिवाय वर कितीही चांगला रंग मारला तरी दोन पावसाळ्यांत फुगे आले असते. काम करणं भागच होतं, पण आधी तुम्हाला फोन करायला हवा होता. फोटो काढले, पाठवले नाहीत. तुमचे फोनही दोन-तीनदा उचलले नाहीत, कारण सांगायला तोंड नव्हतं.

न विचारता केलेल्या पत्राकामाची मजुरी सोडतो. सामानाचे तेवढे द्या, पावत्या दाखवतो. काढलेला पत्रा पोत्यात भरून ठेवलाय, भंगारात दिलेला नाही. रविवार सोडून कधीही या, येताना गाडी घेऊन या. डावं मागचं दार बंद करताना जरा उचलावं लागतं, हे तुम्ही रिव्ह्यूत लिहिलं नाहीत, पण मला माहीत आहे. तेही करून देतो.