मिठाची गुळणी

पिशवीत डोकावून बायकोने विचारलं, "राक्षसी शिंपला म्हणालास तो हाच?"

पिशवीत तीन इंचांचा ऐवज होता. मीटरभर वाढणारा, दोनशे किलोंच्या वर जाणारा तो गायगस, हा त्याच्याच भावकीतला मॅक्झिमा, असं मी घाईघाईने सांगितलं. "म्हणजे नावाचाच मोठा," असं म्हणून ती उठून गेली.

पुढचा तास मी स्टुलावर बसून थेंब मोजले. आधी पिशवी घरातल्या खाऱ्या पाण्याच्या मत्स्यटाकीत तरंगत ठेवून पाण्याचं तापमान एक करायचं, मग बारीक नळीला गाठ मारून टाकीतलं पाणी त्याच्या भांड्यात ठिबकत सोडायचं. ठिबक सिंचन करणाऱ्याला निदान पीक तरी दिसतं. माझ्यासमोर घट्ट मिटलेला दगड होता. टाकीच्या पाण्याची घनता १.०२५, कॅल्शियम ४२०, सगळं जिथल्या तिथे. आकडे पाहून तोंड उघडेल अशी माझी भाबडी समजूत होती. पण त्याने धरली होती मिठाची गुळणी, आणि तीही अगदी शब्दशः.

उजेडाचं वेगळंच त्रांगडं. या प्राण्याच्या मांसल झालरीत सूक्ष्म शैवाल राहतं. ते उजेडावर अन्न तयार करतं आणि त्यातलं बरंचसं यजमानाला मिळतं. (भाडेकरूने स्वयंपाक करून मालकाला जेवू घालायचं, हा करार कुणाला सुचला असेल?) त्यामुळे दिवे प्रखर हवेत, पण एकदम नकोत. मी दिवे निम्म्यावर आणले, पंधरा दिवसांत थोडे थोडे वाढवायचे ठरवले आणि टाकीतली सगळ्यात देखणी जागा त्याला दिली. सकाळी बघतो तर स्वारी खाली वाळूत आडवी! पुन्हा बसवला, पुन्हा आडवा. तिसऱ्या दिवशी मात्र रात्रीतून सरकत सरकत तो मागच्या कोपऱ्यात, पाइपाच्या आडोशाला गेला आणि पायातून धागे काढून खडकाला घट्ट चिकटला. आता ओढायची सोय नाही. धागे उपटताना मुळाशी इजा झाली तर जनावर दगावू शकतं. म्हणजे दर्शनी भागासाठी आणलेली वस्तू मोरीच्या नळासारखी कोपऱ्यात, आणि मी पाहुण्यांना सांगणार, "जरा मान वाकडी करा, दिसेल."

पण खरी गोम पुढे होती. घरातल्या सगळ्यांना तो उघडा दिसायचा. "काय सुंदर निळा आहे रे! वर हिरवी टिंबं आहेत," बायको सोफ्यावरून सांगायची. मी धावत जाऊन वाकलो की खटकन बंद. दिवसातून चाळीस वेळा मी तपासायचो, चाळीस वेळा तो मिटायचा, आणि दर वेळी माझ्या पोटात गोळा यायचा: आजारी तर नाही? झालर आक्रसली तर नाही? एकदा वरचं झाकण काढून अगदी जवळून पाहायला गेलो, तर मिटता मिटता त्याने अशी पिचकारी मारली की चष्म्यावर समुद्र.

चौथ्या दिवशी वाचनात आलं की या प्राण्याच्या झालरीच्या काठावर शेकडो बारीक डोळे असतात. त्यांना चित्र नीट दिसत नाही, पण सावली पडलेली झटकन कळते, आणि सावली म्हणजे शत्रू. तो कशामुळे बंद होतो हे मी चार दिवस शोधत होतो. माझ्यामुळेच.

आता मी दिव्याची बाजू टाळून, जमिनीला पोट लावून, सोफ्याच्या पायापासून टाकीपर्यंत सरपटत जातो. परवा या मार्गाने पोचलो आणि पहिल्यांदा झालर पुरती पसरलेली पाहिली. मधोमध पाणी बाहेर सोडणारी नळी, भोवती मखमलीसारखे निळे-हिरवे वेटोळे. श्वास रोखून दहा मिनिटं तसाच पडून राहिलो.

मग मनात पाल चुकचुकली. सावली पडूनही जो मिटत नाही, तो शिंपला आजारी समजावा, असंही त्याच लेखात होतं. हा इतका निवांत कसा? खात्री करायला मी हळूच हात वर केला.

खटकन.

"आता का मिटवलास त्याला?" सोफ्यावरून आवाज आला.