चार वर्षांच्या मुलीला काय आठवणार? : एका प्रतिक्रियेला उत्तर

माझ्या चार वर्षांच्या मनूला घेऊन पावसात लोणावळ्याजवळची भाजे लेणी बघून आलो, त्यावर गेल्या आठवड्यात लिहिलं होतं. त्याखाली 'एक ज्येष्ठ वाचक' या नावाने एक प्रतिक्रिया आली. उत्तर तिथेच चार ओळींत देणार होते. चारांच्या चाळीस झाल्या, म्हणून इथे वेगळं लिहिते आहे. आधी त्यांचं म्हणणं जसंच्या तसं, म्हणजे मी तोडून-मोडून दिलं असं व्हायला नको:

"लेख वाचला. चार वर्षांच्या मुलीला यातलं काय आठवणार आहे? ही सगळी हौस आईबापांची, मूल निमित्तमात्र. आम्हीही मुलं वाढवली, पण असले सोहळे केले नाहीत. भाज्याला लेणी अठरा नाहीत, बावीस आहेत. पावसाळ्यात ओढे-धबधब्यांजवळ लहान मूल नेताना काय सांभाळावं याबद्दल लेखात एक शब्द नाही. ताई, जरा विचार करून लिहीत जा."

शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करते. नावावरून तुम्ही वयाने मोठे दिसता, म्हणून मी काका म्हणते. काका, 'जरा विचार करून लिहीत जा' हे मी शाळेच्या निबंधाच्या वहीत लाल शाईने लिहिलेलं वाचलं आहे. चाळिशी जवळ आलेली असताना, पोरीला झोपवून, ओटा आवरून, रात्री दीडपर्यंत बसून जे लिहिलं त्याखाली तेच पुन्हा वाचायला मिळेल असं वाटलं नव्हतं. टीका जरूर करा. पण तुम्ही 'असे सोहळे' म्हणाला नाहीत, 'असले सोहळे' म्हणालात. त्या एका 'ल'मध्ये केवढं काय भरलेलं असतं ते मराठी माणसाला समजावून सांगायची गरज नाही. सासरी दहा वर्षं काढली आहेत, मला तो 'ल' लांबूनही ऐकू येतो.

लेण्यांचा आकडा चुकला, हे मात्र खरं. बावीसच आहेत. कॉलेजच्या सहलीत केलेल्या टिपणात अठरा लिहिलं होतं, तेच न तपासता उतरवलं. लेखात दुरुस्ती केली आहे, आभार. चूक दाखवली की मी ती मान्य करते, हे या निमित्ताने नोंदवून ठेवते.

आता तुमचं ते वाक्य. 'चार वर्षांच्या मुलीला यातलं काय आठवणार आहे?'

काका, तुमच्या घरी कधी बोरनहाण झालं असेल ना? संक्रांतीनंतर, काळं झबलं, हलव्याचे दागिने, पाटावर बसवलेलं वर्षा-दीड वर्षाचं मूल, आणि डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे. मूल रडत असतं, एखादं बोर नाकात घालायच्या बेतात असतं, शेजारची पोरं खाली वाकून वेचत असतात. 'याला यातलं काय आठवणार' असं त्या पाटाभोवती उभं राहून कुणी म्हणतं? आजोबासुद्धा म्हणत नाहीत. बारशाचं तेच, जावळाचं तेच. पहिल्या पाच वर्षांत आपण मुलांचं जे जे कौतुक करतो त्यातलं बहुतेक सगळं त्यांना आठवणार नसतं. मग लोकलने मळवलीला उतरून पायऱ्या चढल्या तेव्हाच हा हिशेब का आठवला?

आणि मोठ्या माणसांना साधारण साडेतीन वर्षांच्या आधीचं सहसा काही आठवत नाही, हे मीही वाचलेलं आहे. गंमत अशी, की लहान मुलांना स्वतःला मात्र वर्ष-दोन वर्षांपूर्वीचं चांगलं आठवत असतं. ते पुढे सात-आठ वर्षांची होईपर्यंत हळूहळू पुसलं जातं. म्हणजे मनूला आज ते सगळं आठवतं आहे. आठवतं आहे म्हणजे किती, तर काल रात्री जेवताना तिने मला दोनदा दुरुस्त केलं. वाटेत दिसलेला खेकडा मी म्हणाले तसा रस्त्यावर नव्हता, बांधावर होता.

तिला काय दिसलं ते लेखात मी थोडक्यात आटोपलं होतं. आता तुम्ही विचारलंच आहे तर ऐका.

निघायच्या आधीच रडारड झाली होती. 'उद्या भाज्याला जायचं' असं म्हटल्यावर तिने 'मला भाज्या नको' म्हणून भोकाड पसरलं. तिच्या बाबाने 'तिथे भजी मिळतात' असं सांगून वेळ मारून नेली, त्यामुळे चिंचवडपासून मळवलीपर्यंत प्रत्येक स्टेशनवर 'इथे भजी?' असा प्रश्न. बेगडेवाडी, घोरावाडी, कान्हे ही नावं तिला आता पाठ आहेत आणि ती सगळी तिच्या लेखी भजी न मिळालेली गावं आहेत. मळवलीला उतरून एक्स्प्रेसवेवरचा पूल ओलांडला की दोन्ही बाजूंना मावळातली भातखाचरं लागतात. लावणी चालू होती. गुडघाभर चिखलात वाकलेल्या बायका, डोक्यावर इरल्याच्या जागी आता प्लास्टिकची खोळ. एका खाचरात चिखलणी चालली होती. मनू तिथे वीस मिनिटं उभी राहिली. वीस. आम्ही पुढे चला म्हणत होतो, आणि ती 'हे मुद्दाम चिखल करतायत?' असं विचारत होती. घरी तिला चिखल केला की ओरडा बसतो. इथे मोठी माणसं मुद्दाम चिखल करतात, आणि त्यातून भात येतो, रोज ताटात असतो तोच. काका, हे तिला पुस्तकातून कसं सांगणार होते मी?

लेण्यांचं सांगायचं तर तिथल्या चैत्यगृहाच्या, म्हणजे बौद्ध प्रार्थनागृहाच्या, छताला लाकडी फासळ्या आहेत, दगडात कोरलेल्या नव्हे, खऱ्या लाकडाच्या, दोन हजारांहून जास्त वर्षं टिकलेल्या. मी कॉलेजात असताना गाईड हे सांगत होता तेव्हा मैत्रिणीशी गप्पा मारत होते. मनूने मान वर केली, बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "छत्री मिटायची राहिलीये." हातातली गळकी छत्री आणि वरचं छत, दोन्हींच्या काड्या तिने एका नजरेत जुळवल्या. आता ते लेणं माझ्यासाठी कायमचं न मिटलेली छत्री झालं आहे. तिला पुढे आठवो न आठवो, मला आठवणार आहे. 'मूल निमित्तमात्र' म्हणालात ना? तिथे मला तिच्यामुळे दिसलं. निमित्त कोण होतं ते तुम्हीच ठरवा.

हौस आईबापांची, हेही म्हणालात. आहेच. मग?

थोडं घरचं सांगते, कारण तुम्ही 'आम्ही मुलं वाढवली' म्हणालात, आणि मीही कुणीतरी वाढवलेलीच आहे. मी मराठवाड्यातल्या एका लहान गावात वाढले. तिथे पावसाळी सहल हा शब्दच नव्हता. पावसाची वाट बघायची असते, त्यात भिजायला तिकीट काढून जायचं नसतं. आमची सहल म्हणजे हुरडा. पौषात आत्याच्या शेतात. मी तीन वर्षांची असताना वडील मला सायकलच्या नळीवर टॉवेल गुंडाळून, त्यावर बसवून आठ किलोमीटर घेऊन गेले होते. आगटी पेटवलेली, तिच्या आरात खुपसलेली ज्वारीची कणसं, आत्या गरम कणीस हातावर चोळून हुरडा काढतेय, सोबत शेंगदाण्याची चटणी आणि गूळ. आणि सगळ्यांची नजर चुकवून मी आगटीतलं कणीस स्वतः उचलायला गेले. उजव्या तळहातावर अंगठ्याखाली अजून डाग आहे. (हो, भाजलं. यावरून आता दुसरी प्रतिक्रिया लिहू नका.)

यातलं मला काहीही आठवत नाही. धूर नाही, सायकल नाही, हात भाजल्याचंही नाही. वडील मात्र दर वर्षी बाजारात हुरडा दिसला की ही गोष्ट पहिल्यापासून सांगायचे. मी किती रडले, आत्याने हाताला काय लावलं, आणि परत येताना नळीवर झोपून गेले म्हणून त्यांनी एका हाताने मला धरून आठ किलोमीटर सायकल कशी हातात धरून चालवत आणली. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली. आता ती गोष्ट मी मनूला सांगते. मला न आठवणारी गोष्ट, वडिलांच्याच शब्दांत, त्यांच्याच ठिकाणी थांबत. तेव्हा त्यांना कुणी विचारलं असतं, 'काय हो, हिला काय आठवणार?' तर त्यांनी काय उत्तर दिलं असतं ते मला माहीत नाही. फार बोलणारे नव्हते ते. बहुतेक पुढच्या वर्षी पुन्हा सायकल काढली असती.

'आम्हीही मुलं वाढवली.' आमच्या पिढीला हे वाक्य इतक्या वेळा ऐकवलं गेलं आहे की एकदा विचारावंसंच वाटतं. तुम्ही वाढवली की काकूंनी? रात्री दोनला ताप मोजायला कोण उठायचं? शाळेच्या गॅदरिंगला कोण जायचं? हे जरा जास्त झालं, कबूल. तुमच्या घरचं मला काहीच माहीत नाही. पण माझ्या घरचंही तुम्हाला काही माहीत नव्हतं, आणि त्याने तुमचं काही अडलं नाही.

सोहळा म्हणालात, तर त्या सोहळ्याचा खर्चही सांगते. मनूला लोकलचं तिकीट नाही, पाच वर्षांच्या आतल्या मुलांना रेल्वेत लागत नाही. आम्हा दोघांच्या तिकिटांना मिळून दोन वडापावांचे पैसेही लागले नाहीत. लेण्यांवर तिकीट आहे, पण तेही पंधरा वर्षांखालच्या मुलांना माफ. डब्यात धपाटे आणि दही. भजी शेवटी खाल्ली, ती उतरल्यावर गावातल्या टपरीवर, आणि सोबत एक भाजलेलं कणीस. मॉलमधल्या त्या गाद्या लावलेल्या खोलीत तासभर उड्या मारायला याच्या तिप्पट-चौपट लागतात आणि तिथे खेकडा दिसत नाही. तिथे मुलांना नेणाऱ्यांना कुणी 'सोहळा' म्हणत नाही हे माझ्या लक्षात आलेलं आहे.

राहिला धबधबा. लेखातला फोटो नीट बघितलात तर धबधबा आमच्या मागे आहे, आम्ही त्याच्या खाली नाही. 30 जून 2024 ला भुशी धरणाच्या मागच्या बाजूला एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, त्यांत लहान मुलं होती. वर्तमानपत्र आमच्याकडेही येतं. आपल्या मुलाचा हात कुठे धरायचा हे सांगायला आईला लेख लागत नाही. बाकी शेवाळ वगैरे सगळ्यांना ठाऊक असतंच.

तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही, काढणारही नाही. काही मैत्रिणींनी 'कशाला ठेवतेस' म्हणून फोन केले, त्यांनाही हेच सांगितलं. पुढच्या महिन्यात मनूला लोहगडच्या पायथ्यापर्यंत न्यायचं आहे. जुलै 2025 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत जे बारा किल्ले गेले त्यांत तो आहे, आणि ती 'किल्ला दिवाळीतच असतो ना?' असं विचारते आहे. त्यावरही लिहीन. तुम्ही वाचाल अशी आशा आहे. न वाचलंत तरी चालेल.

आणि हो, लेखाच्या शेवटी काल एक परिच्छेद वाढवला आहे. आपल्या डोक्यावर ऊन असलं तरी वर डोंगरात पाऊस झालेला असू शकतो आणि ओढ्याचं पाणी बघता बघता चढतं. नितळ पाणी गढूळ व्हायला लागलं, पाला-काटक्या वाहून यायला लागल्या, की फोटो राहू देऊन मुलांना उचलून वर यायचं. उतरताना मूल पायऱ्यांच्या आतल्या, डोंगराकडच्या बाजूला ठेवायचं. हे तुमच्या सांगण्यावरून घातलेलं नाही. मी घालणारच होते.