लाखाची पर्स विकून पृथ्वी कशी वाचवावी

समजा उद्या तुम्ही लक्झरी कंपनी काढलीत. पर्सला लाखाची चिठ्ठी लावलीत, दुकानात गिऱ्हाइकांपेक्षा दारवान जास्त ठेवलेत. छान. पण हल्ली तेवढ्यावर भागत नाही, हवामानाचं उद्दिष्टही लागतं. काळजी नको. सध्या मी एका बड्या परदेशी ब्रँडच्या पोर्टलवर आमच्या भरतकामाच्या गाळ्याची कार्बनची माहिती भरतोय. तेव्हा या विषयातला माझा अधिकार मान्य करायला हरकत नसावी.

आधी साल ठरवा. २०५० घ्या. तेव्हा जाब द्यायला आजचं कुणीच खुर्चीत नसतं.

मग टक्के. इथे थोडं गणित लागतं. एकूण धूर, म्हणजे कार्बनचं उत्सर्जन, कमी करू असं चुकूनही म्हणू नका. लुई व्हिटॉन आणि डिऑरची मालक कंपनी एलव्हीएमएच बघा. स्वतःच्या दुकानांत नि कारखान्यांत जळणारं इंधन आणि वीज, यांचं उत्सर्जन २०१९ च्या तुलनेत २०२६ पर्यंत निम्मं करू, असं तिने जाहीर केलं. पण लक्झरीचा खरा धूर तिथे नसतोच. तो असतो कातड्यात, काश्मिरी लोकरीत, सोन्यात, वाहतुकीत, म्हणजे हिशेबाच्या भाषेत 'स्कोप ३' मध्ये. तिथलं उद्दिष्ट तिने ठेवलं २०३० पर्यंत ५५ टक्के घट, पण मूल्यवृद्धीच्या, म्हणजे विक्रीतून बाहेरून घेतलेल्या मालाचा खर्च वजा जाता उरणाऱ्या रकमेच्या, दर युरोमागे! आता कागद घ्या. मूल्यवृद्धी दुप्पट झाली, की त्या ५५ टक्क्यांतले प्रत्यक्षात उरतात १०. पर्सचा भाव वाढवा, धूर आपोआप विरळ. गुच्चीवाल्या केरिंगने मात्र २०२३ मध्ये, २०३५ पर्यंत एकूण उत्सर्जनच ४० टक्के खाली आणू, असं सांगून टाकलं. असला आगाऊपणा तुम्ही करू नका. तो कुणालाही मोजता येतो.

न खपलेला माल जाळायची सोय आता राहिली नाही. ब्रिटिश ब्रँड बर्बरीने २ कोटी ८६ लाख पौंडांचा माल नष्ट केल्याचं २०१८ च्या अहवालातून बाहेर आलं, तेव्हा जाळताना निघणारी ऊर्जा आम्ही वापरात आणतो, असं उत्तर मिळालं होतं. काय ती काटकसर! तोच कोट सेलमध्ये स्वस्तात गेला असता तर कुणाची तरी थंडी भागली असती, पण ब्रँडला हुडहुडी भरली असती. लोक ओरडले, सप्टेंबरात प्रकार बंद झाला. पुढे फ्रान्सने तर कायदाच केला.

उरलेल्या धुरासाठी दूरच्या देशातलं जंगल धरा. ते राखायला पैसे द्यायचे, बदल्यात 'क्रेडिट' मिळतं, ते आपल्या धुरातून वजा करायचं. २०१९ मध्ये गुच्चीने अशी क्रेडिटं घेऊन सगळा कारभार कार्बन न्यूट्रल, म्हणजे वजाबाकीनंतर धूर शून्य, झाल्याचं जाहीर केलं. २०२३ मध्ये जंगलाच्या क्रेडिटांवर बोंबाबोंब झाली आणि दावा वेबसाइटवरून गुपचूप उतरला. चढवताना बँडबाजा, उतरवताना अनवाणी.

खासगी विमान विका आणि भाड्याचं घ्या. ट्विटरवर लोक माग काढतात म्हणून एलव्हीएमएचचे बर्नार आर्नो यांनी २०२२ मध्ये तेच केलं.

फॅशन शो मात्र परदेशात, ऐतिहासिक वास्तूसमोरच करा. डिऑरने ३० मार्च २०२३ ला गेटवे ऑफ इंडियापुढे केला. पाहुणे काही चर्चगेट लोकलने आले नव्हते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे हे सगळं लचांड पुरवठादाराच्या गळ्यात मारा. तुमचा स्कोप ३ म्हणजे शेवटी आमचंच वीजबिल. मग पाठवा फॉर्म. छतावर सोलर का नाही? गाळा भाड्याचा आहे, गच्चीवर सोसायटीची टाकी नि मोबाइलचा टॉवर आहे, हे लिहायला रकानाच नाही. कामगार रोज किती किलोमीटर प्रवास करतात? आमचे जरदोजीचे कारागीर गाळ्याच्या पोटमाळ्यावर झोपतात. शिडीवरून उतरले की अड्ड्यावर, म्हणजे भरतकामाच्या लाकडी चौकटीवर, बसतात. मी शून्य टाकलं. लाल अक्षरांत उत्तर आलं, 'योग्य संख्या भरा'. नेट झिरोचा, म्हणजे निव्वळ शून्य उत्सर्जनाचा, जप करणाऱ्यांना झिरो चालत नाही! एक टाकला, लगेच हिरवी खूण.

त्याच दिवशी त्याच ब्रँडच्या दुसऱ्या विभागाचा मेल, बाहीचा नमुना परवा पॅरिसला पोचला पाहिजे, विमानाने. पंजाएवढा कापडाचा तुकडा, भोवती टीव्ही मावेल एवढं खोकं. गेला. मणी जरा फिके वाटतात म्हणून दुसरा मागवला. तोही गेला. पुन्हा पहिलाच बरा! आणि हा धूर कुणाच्या खात्यात? आमच्या. कुरिअरची पावती आमच्या नावाची ना.

पुरे झालं. अहो, जनाची नाही तर मनाची तरी ठेवा. तुम्हाला ऑडिट हवं, सर्टिफिकेट हवं, त्याची फी आम्ही भरायची. पीसचा भाव कोविडच्या आधीचाच आणि पैसे नव्वद दिवसांनी. पंखा आणि ट्यूबलाइट यांवर हाताने सुई चालवणाऱ्या माणसाकडे तुम्ही धूर कमी करून मागता? धूर तुमच्या घाईत आहे. ऑर्डर दोन महिने आधी द्या, माल न्हावाशेव्याहून बोटीने येईल. रंग एकदाच ठरवा. आणि हो, तुमच्या चकचकीत अहवालात कारागिराचे हात छापता ना, तसा त्याचा पोटमाळाही छापा. तुम्ही देता त्या भावात त्याला वेगळी खोली देणं आम्हाला परवडत नाही, हे फोटोखाली लिहा.