भुलीचा ‘एकच मोठा श्वास’: खुलासा

‘मास्क लावताच छाती भरून एकच श्वास घ्या आणि रोखून धरा, नाहीतर भूल अर्धवट चढते आणि ऑपरेशनमध्ये जाग येते,’ असा मेसेज सध्या फिरतोय. तो चुकीचा आहे. परवा एक काकू हा मेसेज वाचून ओठ घट्ट मिटून टेबलावर आल्या होत्या, ऑक्सिजनसुद्धा घेईनात. म्हणून हे लिहितेय.

मोठ्या श्वासाची पद्धत खरी आहे. रुग्ण आधी छाती पूर्ण रिकामी करतो, मग सेव्होफ्लुरेन (श्वासातून घ्यायचं भुलीचं औषध) मिसळलेली हवा (वायूत त्याचं प्रमाण ८ टक्क्यांपर्यंत) भरून घेतो आणि जमेल तेवढं थांबतो. बहुतेकांची शुद्ध मिनिटभरात हरपते. नेहमीसारखा श्वास घेतला तर थोडा जास्त वेळ लागतो, इतकंच. भूल तीच.

आणि मधे जाग येण्याचा या पहिल्या श्वासाशी संबंध नाही. ऑपरेशनभर भूल चालूच असते. तुमच्या प्रत्येक उच्छ्वासात किती औषध आहे, तो आकडा आमच्यासमोर मॉनिटरवर दिसत असतो.

शिवाय सकाळी येऊन संध्याकाळी घरी जाणाऱ्या बऱ्याच प्रौढांना भूल सलाईनमधून, प्रोपोफॉलने देतात. तेव्हा सुरुवातीच्या मास्कमध्ये नुसता ऑक्सिजन असतो. तो रोखू नका, शांतपणे घेत राहा. मोठा श्वास हवा असेल तर भूलतज्ज्ञ स्वतः सांगतील. मास्कने गुदमरल्यासारखं वाटत असेल तर तेही आधीच सांगा. आम्ही तो सैल धरतो.