डेल्टिकला 'नुसता आवाज' म्हणणाऱ्या साहेबांना

साहेब, ब्रिटिश रेल्वेच्या डेल्टिक या डिझेल लोकोवरची (रेल्वे इंजिनावरची) तुमची कॉमेंट वाचली. "डेल्टिक म्हणजे नुसता आवाज, 22 इंजिनं काढली आणि वीस वर्षांत भंगारात घातली, उगाच विकिपीडिया वाचून डोक्यावर घेऊ नका, एचएसटीपुढे (नंतरच्या हायस्पीड डिझेल गाडीपुढे) टिकलं का?" आता डोक्यावर काय घ्यायचं ते माझं मी बघेन, पण हा मास्तरी सूर कशाला? तेच नीट बोलताही येतं की.

देखभाल महाग पडायची आणि वीस वर्षांत काढली हे मान्य, तेवढ्यापुरतं तुमचं बरोबर.

पण "नुसता आवाज"? त्याच जमान्यातलं ब्रिटिश डिझेल लोको क्लास 40 घ्या, 133 टन वजन, आठ एक्सल आणि ताकद 2000 हॉर्सपॉवर. डेल्टिक 99 टन, सहा एक्सल, 3300. हा काय आवाज झाला? त्याच्या आतलं नेपियर कंपनीचं इंजिन मुळात ब्रिटिश नेव्हीच्या बोटींसाठी केलेलं, म्हणून ताकदीच्या मानाने इतकं हलकं. 18 सिलिंडर आणि पिस्टन 36, कारण एकेका सिलिंडरमध्ये दोन पिस्टन समोरासमोर, म्हणजे सिलिंडर हेडची (सिलिंडरच्या झाकणाची) भानगडच नाही, आणि त्रिकोणाच्या तीन कोपऱ्यांत तीन क्रँकशाफ्ट (पिस्टनच्या जोरावर फिरणारे दांडे), त्यातला एक उलटा फिरतो! अशी दोन इंजिनं एका लोकोत. एक बंद पडलं तर दुसऱ्यावर गाडी न्यायची, बिघडलेलं अख्खं उचलून बाहेर काढायचं आणि दुसरं बसवायचं.

आणि 22च काढली म्हणता, त्या 22 जणांनी लंडनच्या किंग्ज क्रॉस ते एडिंबरा लाइनवरच्या 55 वाफेच्या इंजिनांचं काम उचललं, ते सोयीस्कर विसरलात. सगळी भंगारातही गेली नाहीत, सहा जपलीत लोकांनी.

विकिपीडियाचं म्हणाल तर माझे वडील कल्याणच्या डिझेल शेडला फिटर, इंजेक्टर म्हणजे काय ते मला बाराखडीच्या आधी कळलं. इंग्लंडमधल्या बॅरो हिलच्या शेडमध्ये जपलेलं एक डेल्टिक चालू होताना मी शेजारी उभा होतो. टू-स्ट्रोक मशीन, आयडलिंगला उभं राहिलं की एक्झॉस्टमध्ये तेल साठतं, मग थ्रॉटल उघडल्यावर असा निळसर-पांढरा धूर आला की पलीकडची माणसं दिसेनात, शर्टाचा वास दोन धुण्यांत गेला नाही. तुम्ही कधी जवळून तरी बघितलंय का एखादं?

एचएसटीबद्दल काय बोलायचं. 1961 चं इंजिन आणि त्या लाइनवर 1978 ला आलेली गाडी, करा तुलना, तुम्हाला कोण अडवणार.

आणि पुढच्या वेळी 'अनामिक' नको, नाव टाकून लिहा. इतका आत्मविश्वास आहे तर लाजता कशाला?